शब्दचर्चा : न निघालेल्या खेळण्यांना काय म्हणावे?

अमेरिकेतील केनर या खेळण्यांच्या कंपनीने १९८४ ते १९८६ या काळात डीसी कॉमिक्सच्या चित्रकथांतील नायक-खलनायकांच्या खेळण्यांची ‘सुपर पॉवर्स’ ही मालिका काढली. ती बंद पडली आणि पुढच्या संचासाठी केलेली चित्रे कागदावरच राहिली. अशा ‘अनप्रोड्यूस्ड व्हेरिअंट डिझाइन’साठी ‘अनुत्पादित प्रकार’ हा प्रतिशब्द सुचवला गेला आहे. मला तो पटत नाही.

‘अनुत्पादित’ व्याकरणाने शुद्ध असला, तरी तो वाचताना बँकांची ‘अनुत्पादक कर्जे’ आठवतात. ‘रद्द’ म्हटले की आधी मंजुरी मिळाली होती, असे गृहीत धरावे लागते. ‘डब्यात गेलेला’ हा चित्रपटवाल्यांचा शब्द मोहात पाडतो खरा. पण खेळणे बाजारात येईपर्यंत मेणातले शिल्प, त्यावरून ओतलेली कठीण प्रत आणि पोलादी साच्यातून निघालेला पहिला चाचणीचा नग अशा पायऱ्या असतात, आणि हा शब्द फार तर शेवटच्या पायरीवर अडकलेल्या नगाला शोभेल, नुसत्या चित्राला नाही. ‘अनिर्मित’ची अडचण उलटी आहे, कारण शिल्प झाले म्हणजे काहीतरी निर्माण झालेच. आपण ‘अंक निघाला’, ‘त्या रंगाची गाडी निघालीच नाही’ असे सहज म्हणतो. तेच क्रियापद येथे सर्व पायऱ्यांना पुरते.

मात्र खेळणे कोणत्या कंपनीने काढले नाही, हे सांगणे आवश्यक आहे. केनरने रिडलर हा खलनायक काढला नाही, पण अर्जेंटिनात ग्रीन लँटर्न या नायकाच्याच साच्यातून, रंग बदलून, तो निघाला.

‘व्हेरिअंट’साठी मी ‘रूपभेद’ घेईन. पात्र तेच आणि वेश निराळा, हा त्याचा अर्थ; टपालाने मागवावा लागणारा क्लार्क केंट हा सुपरमॅनचा रूपभेद होय. त्या रिडलरला मात्र हा शब्द लागू नाही, कारण तेथे साचा एक असून पात्र वेगळे आहे. एकाच खेळण्याच्या दोन खेपांत नकळत रंग बदलला असेल, तर पोथ्यांच्या अभ्यासातला ‘पाठभेद’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण नक्कल करताना पडलेला फरकच तो दाखवतो. (अशा हातपाय हलणाऱ्या पुतळ्यांसाठीचे ‘ॲक्शन फिगर’ तसेच ठेवावे, मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत म्हणून हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीने १९६४ मध्ये तो शब्द रूढ केला, आणि आपला ‘बाहुला’ तर थेट भातुकलीतल्या लग्नात नेऊन बसवतो.)

तेव्हा माझी सूचना ‘केनरने न काढलेले रूपभेद’ अशी आहे.