मदत हवी आहे: ‘कॉल ऑफ द व्हॅली’नंतर काय ऐकू?

सध्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) या हिंदुस्थानी वाद्यसंगीताच्या अल्बमवर अडकलोय. शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांचं कौतुक सगळेच करतात, पण माझ्या मते बाजी मारलीय ती ब्रिजभूषण काब्रांच्या गिटारने. संतूरचे टिपटिप सूर थांबतात आणि गिटारची लांबलचक मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) सुरू होते, तिथे दरवेळी मागे जाऊन पुन्हा ऐकतो. शिवाय बांधणी: काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहिर भैरव रागापासून पुढे सरकणारा. राग छोटे, तरी उरकलेले वाटत नाहीत.

तासाभराच्या मैफिली ऐकून पाहिल्या. लोकलमध्ये आलाप रंगेपर्यंत उतरायचं स्टेशन येतं. ‘शक्ती’ या फ्यूजन बँडचा १९७६चा पहिला अल्बम भन्नाट आहे, पण सकाळी सकाळी तो वेग झेपत नाही. माइल्स डेव्हिसचा जॅझ अल्बम ‘काइंड ऑफ ब्ल्यू’ मात्र चपखल बसला, तेव्हा हिंदुस्थानीच हवं असा हट्ट नाही.

फक्त वाद्यसंगीत, साधारण पाऊण तासाच्या आत आणि स्ट्रीमिंगवर मिळणारं हवं. रेकॉर्ड प्लेअर नाही. ‘रिलॅक्सेशन’वाल्या प्लेलिस्ट कृपया सुचवू नका, तानपुऱ्यावर सिंथेसायझर चढवला की डोकं उठतं.

एखाद्या कल्पनेभोवती बांधलेला, सलग ऐकावा असा कुठला अल्बम तुम्ही अलीकडे ऐकलात? आणि पहिल्याच ट्रॅकपासून पकड घेतो, की थोडा धीर धरावा लागतो?