मदत हवी आहे: मेटल डिटेक्टरच्या कॉइलला इपॉक्सी मारल्यापासून मशीन कुरकुरतंय

धागाकर्ता: खडकमाळ
कॉइलचा तळ घासून पातळ होऊ नये म्हणून इपॉक्सीचे दोन थर दिले. आता ओल्या गवताला टेकली की बीप. तिसरा थर देऊ की सगळं खरवडू? लवकर सांगा, परवा मशीन लागणार आहे.

तांबडी_तार
मशीन व्हीएलएफ (सतत लहर सोडणारं) की पल्स (तुटक ठोके सोडणारं)? कॉइल डीडी (आत दोन गुंडाळ्या) की मोनो (एकच)? इपॉक्सीत काही मिसळलं होतं का? थर देऊन किती दिवस झाले?

रानवाट
ग्राउंड बॅलन्स (मातीचा सिग्नल वगळायची सेटिंग) नीट करा आणि सेन्सिटिव्हिटी दोन घर खाली आणा. हेडफोनही चांगला घ्या, बारीक सिग्नल त्यातच कळतात.

खडकमाळ
व्हीएलएफ, 11 इंची डीडी. चार दिवस झाले, थर कडक आहे. रंगासाठी काळी पूड घातली होती. सेन्सिटिव्हिटी कमी करून झाली, त्याने खोली जाते.

तांबडी_तार
कसली पूड? ग्राफाइट असेल तर तिथेच घोळ आहे. मल्टिमीटर मेगाओहमवर ठेवून दोन्ही टोकं थरावर एक सेंटिमीटर अंतरावर दाबा. आकडा आला तर थर वीज वाहतोय.

ढालकरी
ग्राफाइटला उगाच दोष नको. कंपनीच्या बऱ्याच कॉइलमध्येही ग्राफाइटचाच रंग असतो.

तांबडी_तार
असतो, पण आत. तो केबलच्या शील्डला (तारांभोवतीच्या जाळीला) जोडलेला असतो आणि त्याचं कडं एका जागी तोडलेलं असतं, म्हणजे त्यात प्रवाह फिरत नाही. बाहेरचा थर कुठेच जोडलेला नाही. ओलं गवत लागलं की त्याची कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) बदलते आणि मशीन बोंबलतं.

ढालकरी
हे पटलं. तरी कोटिंगपेक्षा 2 मिमी एबीएस प्लास्टिकच्या शीटचं काढता येणारं कव्हर बरं. झिजलं की बदला.

तांबडी_तार
आणि आत काळी वाळू साचली की? तिच्यात मॅग्नेटाइट असतो, कॉइल हलवली की तोही सरकतो आणि खोटे सिग्नल देतो. कव्हर घातलं तर कडेने इन्सुलेशन टेप फिरवा आणि दर वेळी उघडून धुवा.

खडकमाळ
मीटर 40 किलोओहम दाखवतो. थिनरने उतरेल का?

तांबडी_तार
थिनर नको, अ‍ॅसिटोन तर अजिबात नको. कॉइलचं कवच एबीएसचं असेल तर तेच विरघळतं. हीट गनही नको, कॉइल वाकली तर दोन गुंडाळ्यांचा तोल बिघडतो आणि तो परत येत नाही. 80 नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावत घासा, मास्क लावा. मूळ प्लास्टिक दिसू लागलं की थांबा. केबल जिथे आत शिरते तिथे पाणी जाऊ देऊ नका.

मग 180 ने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि बिनरंगाची इपॉक्सी द्या. प्रमाण वजनाचं आहे की मापाचं ते डब्यावर बघा, दोन्ही वेगळी असतात. अर्धा मिमी पुरे, भरीव तळाला साधारण 35 ग्रॅम लागतात. 2 मिमी दिलात तर 140 ग्रॅम काठीच्या टोकाला लटकतील, मनगट बोलेल. एकदम जाड ओतू नका, इपॉक्सी घट्ट होताना तापते.

रानवाट
मजबुतीसाठी कार्बन फायबरचं कापड टाकलं तर?

ढालकरी
कार्बन फायबर वीज वाहतं, पुन्हा तीच कटकट. फायबरग्लासचं पातळ कापड घ्या.

खडकमाळ
आज घासायला घेतो. नवा थर किती दिवसांनी वापरू?

तांबडी_तार
हाताला कडक लागला तरी पूर्ण पिकायला आठवडा धरा. परवा न्यायचीच असेल तर फक्त घासा, नीट वाळवा आणि उघडी न्या. कोटिंग नंतर.