‘सर्व दाव्यांची भरपाई डिझाइनर करील’ या कलमावर सही करावी का?

भोसरी_ड्रॉइंगबोर्ड: नमस्कार. मी पुण्यात स्वतंत्रपणे उत्पादनांचे डिझाइन करतो. सध्या घरातील हवेची गुणवत्ता मोजणाऱ्या एका उपकरणाच्या बाह्य आवरणाचे काम आले आहे. पहिल्याच बैठकीत ग्राहकाने एका परदेशी कंपनीचे तयार उपकरण टेबलावर ठेवले आणि ‘असेच हवे, फक्त कडा जरा बदला’ असे सांगितले. त्यांच्या करारनाम्यात मात्र, हे डिझाइन जगात कोणाच्याही हक्काचा भंग करत नाही अशी हमी मी द्यावी आणि उद्या कोणी दावा केल्यास सगळा खर्च मी सोसावा, असे कलम आहे. माझे मानधन दीड लाख रुपये आहे. टूलरूममधील (साचे बनवणाऱ्या कार्यशाळेतील) मंडळी म्हणतात की दहा टक्के बदल केला की झाले. असा काही नियम खरोखर आहे का?

अर्ज_क्रमांक: असा नियम कोठेही नाही. डिझाइन कायदा, 2000 नुसार नोंदलेल्या डिझाइनची उघड किंवा फसवी नक्कल झाली आहे का, हे वस्तू डोळ्यांना कशी दिसते त्यावरून ठरते; त्यात टक्केवारीला स्थान नाही. पेटंटचा प्रश्न वेगळा आहे. तेथे आवरणाचा आकार पूर्ण बदलला, तरी आतील हवा खेचण्याची रचना पेटंटमधील दाव्यांत (म्हणजे पेटंटधारकाने आपली म्हणून लिहिलेल्या हक्कांच्या व्याप्तीत) बसत असेल तर अडचण कायम राहते. म्हणून आधीच कोणाचा हक्क आहे का, याचा शोध दोन्हींबाबत घ्यावा लागतो, आणि माल ज्या देशांत विकायचा त्या प्रत्येक देशापुरता घ्यावा लागतो, कारण हे हक्क त्या त्या देशापुरतेच असतात. शिवाय पेटंटचा अर्ज साधारणपणे 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, त्यामुळे आज कितीही कसून शोध घेतला तरी कालपरवा दाखल झालेला अर्ज दिसणार नाही. साऱ्या जगाची हमी प्रामाणिकपणे कोणीच देऊ शकत नाही.

‘फक्त कडा’ म्हणून कोणी हसू नये. ॲपल विरुद्ध सॅमसंग या अमेरिकेतील खटल्यात फोनच्या दर्शनी भागाचे गोलसर कोपरे आणि पडद्यावरील चिन्हांची मांडणी हेच वादाचे विषय होते. 2018 मध्ये ज्यूरीने ठरवलेल्या सुमारे 53.9 कोटी डॉलरपैकी जवळजवळ 53.3 कोटी डॉलर डिझाइन पेटंटांसाठी (तेथे बाह्य रूपाच्या हक्कालाही पेटंटच म्हणतात) होते आणि कार्यपद्धतीच्या पेटंटांसाठी जेमतेम 53 लाख.

कलम_वाचक: मी व्यवसायाने वकील आहे, तरी हा सर्वसाधारण अभिप्राय समजावा. भारतीय पेटंट कायद्यात भंग होतो तो वस्तू बनवणे, वापरणे, विकणे, विक्रीस ठेवणे किंवा आयात करणे यांमुळे. त्यामुळे केवळ कागदावर आराखडा काढणाऱ्याआधी उत्पादकालाच नोटीस जाण्याचा संभव अधिक असतो. हे कलम उत्पादकाचा बोजा तुमच्या खांद्यावर देते, तोही अमर्याद. ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्द घालून घ्या, जबाबदारी मिळालेल्या मानधनापुरती मर्यादित करा आणि ग्राहकाच्या सूचनेवरून घेतलेले भाग हमीतून स्पष्टपणे वगळा. बैठकीतील ती सूचना आजच ईमेलने लिहून त्यांच्याकडून दुजोरा मिळवा. पेटंटची माहिती नव्हती आणि ती असण्याचे वाजवी कारणही नव्हते हे सिद्ध झाले, तर पेटंट कायद्याच्या कलम 111 नुसार नुकसानभरपाई टळू शकते. परंतु मनाई हुकूम त्याने टळत नाही, आणि लाखो रुपयांचा साचा मग भंगारात जातो.

जुना_साचा: उलट बाजूने माझा धडा सांगतो. एका दिव्याची चित्रे मी हौसेने माझ्या संकेतस्थळावर टाकली आणि नोंदणीचा अर्ज दोन महिन्यांनी केला. डिझाइन कायद्याच्या कलम 4 नुसार आधी प्रसिद्ध झालेले डिझाइन नोंदवता येत नाही, मग ते स्वतः का प्रसिद्ध केलेले असेना. तुमचे काम खरोखर नवे निघाले, तर आधी अर्ज, मग फोटो.

भोसरी_ड्रॉइंगबोर्ड: सर्वांचे आभार. ग्राहकाने मानधनाची मर्यादा मान्य केली आहे; ‘माझ्या माहितीप्रमाणे’ या शब्दांवर त्यांचा वकील अजून अडून आहे. ते उपकरण मी त्यांना परत दिले आणि नवा आराखडा कोऱ्या कागदावर सुरू केला. प्रत्येक रेखाटनावर तारीख घालतो आहे. समोरची जाळी आता गोल भोकांची नाही, उभ्या फटींची केली आहे. तिचा शोध मात्र पेटंट एजंटकडूनच करून घेईन.