मदत हवी आहे: ज्वारीच्या बेक केलेल्या चकल्या मोडतात

सासऱ्यांना डॉक्टरांनी तळकट बंद करायला सांगितलंय, आणि चकलीशिवाय त्यांची दिवाळी होत नाही. म्हणून यंदा ओव्हनमध्ये करून बघतेय. दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी डाळ्याचं पीठ, दोन चमचे तेलाचं कडकडीत मोहन, तीळ, ओवा, तिखट, हिंग. ज्वारीत ग्लुटेन नसतं, चिकटपणा उकडीतूनच यायला हवा, म्हणून उकड काढून गरम असतानाच मळलं. तरी सोऱ्यातून पाडताना दुसऱ्या वेढ्यालाच तुटते. १८० अंशांवर २५ मिनिटं ठेवल्या तर कडा तांबूस पण मध्ये मऊ; अजून १० मिनिटं ठेवल्या तर अगदी दगड. तळलेल्या चकलीचा खुसखुशीतपणा काही येत नाही.

नाचणीच्या शंकरपाळ्या मात्र छान झाल्या. त्यात थोडी कणीक होती, म्हणून असेल.

कुणी अशा चकल्या केल्या आहेत का? उकडीला पाणी पिठाइतकंच घ्यायचं की जास्त? तापमान कमी करून जास्त वेळ ठेवू का? मोहन वाढवलं तर आणखी तुटतील अशी भीती वाटते. मैदा अजिबात घालायचा नाहीये. वसुबारसेच्या आधी निदान एक ट्रे नीट जमवायचाय, प्लीज सांगा.