पोळ्यानंतर अंदमान, जावं का?

जळगावहून आम्ही दोघं आणि आई, पोळा झाला की अंदमानला जायचं म्हणतोय, पॅकेज लई स्वस्त मिळतंय, पण पाऊस कितीक असतो तिकडे?

— स्वस्त उगाच नाही भो! मे अखेरपासून पार सप्टेंबरपर्यंत मोसमी पाऊस, समुद्र खवळला की हॅवलॉक बेटाची बोट कॅन्सल, मग बसा हॉटेलात टीव्ही बघत.

— दिवसभर नाही पडत, सर येते जाते. पण तापमान ३० च्या आसपास असूनही दमटपणा असा की शर्ट पिळून घ्या, त्यापेक्षा आपल्या भुसावळचं कोरडं ४५ परवडलं. सेल्युलर जेल पावसातही होतं. परतीच्या फ्लाइटआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा, बोटीचा भरवसा नाही.

— बाली बघा की, विषुववृत्ताच्या खाली असल्यानं तिकडे ऑगस्ट-सप्टेंबर कोरडा सीझन.

— आईचा पासपोर्टच नाही ना भाऊ. जानेवारीचं विचारतो एजंटला.