भिजलेला पासपोर्ट आणि तोंडावर आलेला परदेशप्रवास : आपले अनुभव लिहा

गेल्या आषाढात आमच्या ठाण्याच्या घरी भिंतीतल्या कपाटाला ओल आली आणि तळाच्या फायलीतले आम्हा दोघांचे पासपोर्ट भिजले. मुलीकडे मेलबर्नला निघायला पाच आठवडे उरले होते. माझ्या पासपोर्टची पाने नुसती फुगली होती. पत्नीच्या पासपोर्टमध्ये मात्र छायाचित्रावरचे प्लास्टिकचे आवरण एका कोपऱ्याने सुटून आत करंगळीच्या नखाएवढा तपकिरी डाग उतरला होता. ‘एवढ्याने काही होत नाही’ आणि ‘असा पासपोर्ट घेऊन विमानतळावर पाऊलही ठेवू नका’ असे दोन्ही सल्ले एकाच दिवशी मिळाले. शेवटी दोन्ही बदलून घेतले. ३६ पानी पासपोर्टच्या साध्या नूतनीकरणाला १,५०० रुपये लागतात. तो खराब झाल्यामुळे बदलायचा तर ३,०००, आणि तत्काळ हवा असल्यास वर आणखी २,०००. क्रमांक व नाव वाचता येत असेल आणि छायाचित्र शाबूत असेल तर पासपोर्ट ‘अंशतः खराब’ धरला जातो व तत्काळ योजनेतून अर्ज करता येतो, हे आम्हाला अर्ज भरतानाच कळले. पासपोर्ट हाती आल्यावर आम्ही निर्धास्त झालो, तीच चूक ठरली असती. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पानावर चिकटवलेला नसतो, तो पासपोर्टच्या क्रमांकाशी संगणकात जोडलेला असतो. नवा क्रमांक कळवला नाही तर विमान कंपनीला तुमचा व्हिसा दिसतच नाही. मुलीने आठवण केली म्हणून निभावले.

आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला असेल तर नेमके काय भिजले, हातात किती दिवस होते आणि पुढे काय झाले, हे कृपया लिहावे.

कोथरूड, पुणे
माझा पासपोर्ट जाकिटाच्या आतल्या खिशात राहून धुलाई यंत्रातून पूर्ण चक्र फिरून आला. छायाचित्राच्या पानाला आश्चर्य वाटावे इतके कमी लागले होते, परंतु अमेरिकेच्या व्हिसाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्या कोणीतरी नाण्याने खरवडाव्यात तशा झाल्या होत्या. जुना पासपोर्ट रद्द झाला तरी त्यातला अमेरिकेचा व्हिसा मुदत संपेपर्यंत चालतो आणि दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवून प्रवास करता येतो, हे मला ठाऊक होते. तथापि ही सवलत व्हिसा धडधाकट असेल तरच मिळते. व्हिसालाच इजा झाली असेल तर नव्याने अर्ज करावा लागतो. पासपोर्ट नऊ दिवसांत मिळाला, पण व्हिसाच्या मुलाखतीसाठी तारीख मिळेपर्यंत ज्या पदवीदान समारंभाला जायचे होते तो उरकूनही गेला.

चिपळूण
२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी छातीपर्यंत होते. मुलाचा पासपोर्ट तिसऱ्या दिवशी गाळात सापडला तेव्हा त्याची पाने एकमेकांना चिकटून वडी झाली होती. त्याला कतारला कामावर हजर व्हायचे होते. केरळच्या २०१८ च्या पुरानंतर तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी खराब झालेले पासपोर्ट विनाशुल्क बदलून देण्याचे जाहीर केले होते, म्हणून शेजारी थांबायला सांगत होते. आम्ही थांबलो नाही. काहीच वाचता येत नसल्याने तत्काळचा मार्ग बंद होता. मुलाने दोन वर्षांपूर्वी मामाच्या फोनवर पहिल्या व शेवटच्या पानाचे फोटो पाठवले होते, त्यावरून क्रमांक आणि दिनांक मिळाले व शपथपत्र करता आले. तो वडी झालेला पासपोर्टही आम्ही पिशवीत घालून सोबत नेला होता, आणि ते बरे झाले, कारण तो दाखवता आला नसता तर ‘हरवला’ म्हणून पोलिसांचा दाखला आणावा लागला असता.

कोल्हापूर
बालीला निघालेले आम्ही सहा जण होतो, परतलो मी एकटा, तोही मुंबईच्या विमानतळावरूनच. तारकर्लीला बॅगेत पाणी शिरून पासपोर्टचे आवरण किंचित उचलले गेले होते. काउंटरवरच्या मुलीने तिथे नख लावून पाहिले आणि वरिष्ठांना बोलावले. उतरल्यावर प्रवेश नाकारला गेला तर प्रवाशाला परत आणण्याचा भार विमान कंपनीवर येतो आणि इंडोनेशियात याबाबत फार काटेकोरपणे पाहतात, असे त्यांनी शांतपणे सांगितले. राग आला होता. आज त्यांचे चुकले असे म्हणवत नाही.

नाशिक
माझ्या पासपोर्टच्या मधल्या चार पानांवर चहा सांडलेला आहे. तीन देश झाले, कोणी विचारले नाही.

सोलापूर
मी ग्रंथालयात काम करते आणि भिजलेली पुस्तके वाळवणे हा माझ्या कामाचाच भाग आहे, म्हणून वडिलांचा पासपोर्ट मीच वाळवला. इस्त्री किंवा मायक्रोवेव्ह यांच्या वाटेला जाऊ नये : पहिलीने आवरण वितळते, दुसऱ्याने नव्या ई-पासपोर्टमधली चिप जळते. दर तीन-चार पानांनंतर कोरा टीपकागद घालून, तो तासातासाने बदलत, पासपोर्ट सावलीत उभा ठेवला आणि टेबलफॅनचा वारा बाजूने सोडला. पाने जवळजवळ कोरडी झाल्यावर रात्रभर शब्दकोशाखाली दाबली. पासपोर्ट इतका नीट वाळला की वडील म्हणाले, आता बदलायची गरज नाही. तरी मी त्यांना पासपोर्ट सेवा केंद्रात नेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी पानांच्या कडेवरून एकदाच अंगठा फिरवला आणि विचारले, “काका, पाण्यात कधी पडला होता?”