चोराला फाशी आणि माणूस मारणाऱ्याला नुसता डाग?

सांजवारा: इंग्लंडमधील नाटककार बेन जॉन्सन याने १५९८ मध्ये गॅब्रिएल स्पेन्सर या नटाला द्वंद्वात ठार मारले, गुन्हा कबूल केला, आणि तरीही अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग घेऊन तो सुटला. त्याच काळात बारा पेन्सांहून अधिक किमतीच्या चोरीला मृत्युदंड होता. हे एकाच कायद्यात कसे बसत होते?

अभिलेख: जॉन्सनला वाचवले ते धर्मगुरूंच्या एका जुन्या सवलतीने. पाद्र्यांना राजाच्या न्यायालयाने देहदंड देऊ नये, असा मध्ययुगीन संकेत होता आणि पाद्री ओळखण्याची खूण म्हणजे वाचता येणे. पुढे वाचू शकणाऱ्या कोणाही पुरुषाला ती सवलत मिळू लागली. वाचायला बहुधा स्तोत्रसंहितेतील ५१ व्या स्तोत्राचा आरंभ देत, ज्यात देवाकडे दयेची याचना आहे. मान वाचवणारा म्हणून लोक त्याला ‘मानेचा श्लोक’ म्हणत. सामान्य माणसाला ही संधी एकदाच मिळावी म्हणून राजा सातव्या हेन्रीच्या काळापासून अंगठ्यावर डाग देऊ लागले. पूर्वनियोजित खून मात्र सोळाव्या शतकातच या सवलतीतून वगळला गेला होता. जॉन्सनचे कृत्य त्यात धरले गेले नाही. त्याची मालमत्ताही जप्त झाली, त्यामुळे ‘नुसता डाग’ म्हणणे पुरेसे नाही.

नदीकाठ: यात स्त्रिया कोठे होत्या, हे विचारलेच पाहिजे. स्त्री पाद्री होऊ शकत नसल्यामुळे तिला कितीही उत्तम वाचता आले तरी हे दार बंदच होते. १६२४ मध्ये दहा शिलिंगांपेक्षा (एक शिलिंग म्हणजे बारा पेन्स) कमी किमतीच्या चोरीपुरती तिला सूट मिळाली, आणि पुरुषांच्या बरोबरीचा हक्क १६९१ मध्ये. तोवर तिच्या हाती मुख्यतः गर्भारपणाचा आधार होता: विवाहित, जाणत्या बायकांची ज्यूरी तिला तपासे आणि पोटात मूल हालत असल्याचे त्या ज्यूरीने सांगितले, तर शिक्षा बाळंतपणापर्यंत लांबे व अनेकदा पुढे माफ होई. ज्या व्यवस्थेत एकीचा जीव असा पोटातल्या हालचालीवर टांगलेला असे, तिला केवळ ‘सवलतींची व्यवस्था’ म्हणणे मला पटत नाही.

सांजवारा: मग ज्याला वाचता येत नसे, त्या गरीब पुरुषाला काहीच आधार नव्हता का?

अभिलेख: ज्यूरीचा होता. चोरलेल्या वस्तूची किंमत तीच ठरवी आणि पुष्कळदा जाणूनबुजून कमी लावी. बारा पेन्सांपर्यंतच्या चोरीला फटके होते, म्हणून त्याहून महाग वस्तूही दहा पेन्सांची ठरे. १७१३ मध्ये घरातून चाळीस शिलिंगांची चोरी करणाऱ्यासाठी धर्मगुरूंची ती जुनी सवलत रद्द झाली, तेव्हा निकालांत एकोणचाळीस शिलिंगांचा आकडा वारंवार दिसू लागला. पण ही दया ज्यूरीच्या मनावर होती. आरोपी अनोळखी, वाटसरू किंवा आधीच बदनाम असेल, तर ती आटत असे.

नदीकाठ: त्यात भर म्हणजे अशा गुन्ह्यांतील आरोपीला वकिलामार्फत पूर्ण बचाव करण्याचा हक्क १८३६ पर्यंत नव्हता. वाचनाची अट १७०६ मध्ये रद्द झाली खरी, परंतु तोपर्यंत संसद एकेक गुन्हा या सवलतीतून काढून घेत होती. दुकानातून पाच शिलिंगांचा माल लपवून नेणे १६९९ मध्येच त्यातून वगळले गेले होते. निरक्षरासाठी दार उघडले तेव्हा आतली जागा बरीच आकसली होती.